दुरून डोंगर साजरे : परदेशातील घर आणि आपला स्वतःचा शोध

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तेर येथे योजिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा मंगल सोहळा. अशा प्रसंगी एखादा धार्मिक वा ऐतिहासिक विषय मांडावा, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. तथापि आयोजकांनी व्यवहारातील विषयाची सूचना केली आणि मी ती आनंदाने स्वीकारली. आपल्या समाजातील अनेक घरांची पुढची पिढी आज पुणे, मुंबई, दुबई, लंडन येथे स्थिरावली आहे. हाती चार पैसे आले आहेत. मोठ्या शहरांतील हॉटेलांत परदेशी घरांची प्रदर्शने भरतात. चहा-फराळ होतो, रंगीत माहितीपत्रके मिळतात, आणि ‘आजच नोंदणी केल्यास सवलत’ असा आग्रह होतो. सुट्टीत राहावयास एक घर, उरलेले वर्षभर त्याचे भाडे, असे दुहेरी सुख समोर ठेवले जाते. हे सुख खोटेच असते असे मी म्हणणार नाही. परंतु ते खरे आहे की नाही, हे ठरविण्याचे काम विकणाऱ्याचे नसून घेणाऱ्याचे आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपण ज्या भूमीवर बसलो आहोत, ते प्राचीन ‘तगर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे आणि येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचे नमूद आहे. आपल्याला या उल्लेखाचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण हा ग्रंथ मुळात आहे तरी काय? तो प्रवासवर्णन नाही, स्तुतिपर काव्यही नाही. ती एका व्यापाऱ्याची टिपणवही आहे. भडोचच्या खाडीत भरती-ओहोटी किती धोक्याची, तेथे स्थानिक वाटाड्यांच्या नावा का घ्याव्या लागतात, कोणत्या बंदरात कोणता माल खपतो, रोमन नाणी बदलून घेण्यात फायदा कसा होतो, हे सारे त्याने लिहून ठेवले. कल्याण बंदरात राजकीय अडथळा निर्माण झाल्याने तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जाण्याचा संभव आहे, हाही इशारा त्यात आहे. दूरदेशी पैसा गुंतविणाऱ्याने मार्ग, चलन, राजसत्ता आणि कायदा यांची चौकशी स्वतः करावी, ही शिकवण आपल्या गावाचे नाव जपणाऱ्या ग्रंथातच आहे.

आता आपल्या नेहमीच्या व्यवहाराकडे पाहू. या परिसरात दोन एकर जमीन घ्यावयाची झाली, तर आपण काय करतो? सातबारा काढतो, जुने फेरफार पाहतो, ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा आहे का ते तपासतो. चतुःसीमा पायी फिरून पाहतो. शेजारच्या शेतकऱ्याला वहिवाटीविषयी विचारतो. विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते का, हे पाहण्यासाठी मुद्दाम वैशाखात जातो. वकिलांकडून तीस वर्षांचा शोध घेतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवितो आणि मगच इसार पावती करतो. दोन एकरांसाठी इतके कष्ट घेणारा माणूस हजारो मैलांवरच्या, कधीही न पाहिलेल्या घराची रक्कम एका संध्याकाळी देऊन येतो, हे आश्चर्य नव्हे काय?

याचे कारण असे की, परदेशातील कागद आपल्याला वाचता येत नाहीत; म्हणून आपण कागदांऐवजी माणसावर विश्वास ठेवतो. हा माणूस पुष्कळदा नात्यातला किंवा समाजातला असतो. साधर्मी वात्सल्य हा आपला मोठा ठेवा आहे. परंतु तो कागदपत्रांना पर्याय नाही. विक्रीवर दलाली मिळणारा मनुष्य प्रामाणिक असला तरी तटस्थ असू शकत नाही. जो विकतो त्याच्याकडून मिळते ती जाहिरात. ज्याला आपल्या खरेदीने लाभही नाही आणि हानीही नाही, त्याच्याकडून मिळते ती माहिती. हा भेद मनात पक्का धरावा.

विश्वासाने घडलेला अनर्थ आपल्या महाराष्ट्रानेही पाहिला आहे. मुंबईच्या ‘पॅनकार्ड क्लब्ज’ या कंपनीने हॉटेलातील खोल्यांच्या मुक्कामाचे हक्क विकले. मुक्काम न केल्यास मुदतीअखेर वाढीव रक्कम परत मिळेल, असे त्याचे आकर्षण होते. गावोगावच्या प्रतिनिधींनी आपल्याच ओळखीच्या घरांतून पैसा गोळा केला. २०१४ मध्ये सेबीने या योजनेविरुद्ध आदेश काढला आणि २०१६ मध्ये सुमारे ५१ लाख गुंतवणूकदारांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्यास सांगितले. सामूहिक गुंतवणूक योजनेसाठी लागणारी सेबीची नोंदणी या कंपनीकडे नव्हती. ती आहे का, एवढा एकच प्रश्न आरंभी विचारला असता, तर कित्येक निवृत्तांची पुंजी वाचली असती. देशातल्या देशात असे घडते, तर परदेशात सावधगिरी किती पट हवी?

पहिला शोध मालकीचा. सायप्रस बेटाच्या उत्तर भागात एका ब्रिटिश दांपत्याने सुट्टीचे घर बांधले. ती जमीन १९७४ च्या तुर्की लष्करी कारवाईत विस्थापित झालेल्या मूळ मालकाची होती. सायप्रसच्या न्यायालयाने घर पाडून जमीन परत देण्याचा आदेश दिला आणि तो ब्रिटनमध्येही बजावता येईल, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २८ एप्रिल २००९ रोजी दिला. स्पेनमधील वेरा या गावी एका इंग्रज दांपत्याचे घर जानेवारी २००८ मध्ये पाडण्यात आले. त्यांच्या हाती स्थानिक नगरपालिकेचा परवाना होता; परंतु प्रादेशिक शासनाने आव्हान दिल्यानंतर तो परवानाच रद्द ठरला होता. थायलंडमध्ये परदेशी व्यक्तीला जमिनीची मालकी सर्वसाधारणपणे मिळत नाही. सदनिका घेता येते, तीही इमारतीच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. तेथे ‘कंपनीच्या नावाने जमीन करून देतो’ असे सांगणारा दलाल आपल्याला कायद्याच्या कचाट्यात लोटत असतो.

फार दूर कशाला, आपल्या शेजारचा गोवा पाहा. ब्रिटिश व रशियन लोकांच्या दृष्टीने गोवा हेच परदेशातील सुट्टीचे ठिकाण. २००० नंतरच्या दशकात त्यांपैकी अनेकांनी तेथे घरे घेतली. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी नागरिकाला आपल्या विदेशी चलन कायद्यानुसार येथे स्थावर मालमत्ता घेता येत नाही. दलालांनी हे सांगितले नाही, घेणाऱ्यांनी विचारले नाही. पुढे चौकशा सुरू झाल्या. गोव्यात ते जसे अनभिज्ञ पाहुणे होते, तसेच आपण त्यांच्या देशात असतो.

दुसरा शोध बांधणाऱ्याचा. दुबईने २००२ मध्ये परदेशी व्यक्तींसाठी मालकीहक्काची घरे खुली केली आणि किमती झपाट्याने वाढल्या. कागदावरचे घर घ्यावयाचे आणि बांधून होण्यापूर्वीच विकावयाचे, असा व्यवहार रूढ झाला. २००८ च्या जागतिक मंदीत हा डोलारा कोसळला. अनेक प्रकल्प रखडले, काही रद्द झाले. नोव्हेंबर २००९ मध्ये खुद्द ‘दुबई वर्ल्ड’ या सरकारी समूहाने कर्जफेडीसाठी मुदत मागितली. त्याआधी, २००७ च्या कायद्याने, ग्राहकांचा पैसा प्रकल्पाच्या स्वतंत्र संरक्षित खात्यातच ठेवण्याचे बंधन बांधकाम व्यावसायिकांवर घातले होते. म्हणून पैसा जावा तो त्या नोंदणीकृत खात्यातच. दलालाच्या वा त्याच्या भागीदाराच्या खात्यात एक दिरहमही नको. प्रकल्पाची नोंदणी आणि दलालाचा परवाना दुबईच्या भूमी विभागाकडे घरबसल्या तपासता येतो. आपण महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पाहतो, तसाच तेथेही पाहावा.

तिसरा शोध हिशेबाचा. व्यापारी समाजाने येथे तरी कमी पडू नये. समजा, दुबईतील घराची किंमत एक कोटी रुपये आहे. भूमी विभागाचे नोंदणी शुल्क ४ टक्के, म्हणजे चार लाख, बहुधा घेणाऱ्याकडूनच जातात. शिवाय दलाली, सजावट, दरवर्षीचा देखभाल खर्च आणि भाडेकरू आणून देणाऱ्याचा मोबदला. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाखांहून अधिक रक्कम अशा कारणासाठी बाहेर पाठविताना वरील रकमेवर २० टक्के कर बँक आगाऊ वसूल करते. एक कोटीवर हे अठरा लाख होतात. ते विवरणपत्रात वळते करून घेता येतात हे खरे; पण तोवर एवढी रक्कम अडकून पडते आणि तिची तजवीज आधी करावी लागते.

‘तेथे उत्पन्न करमुक्त आहे’ हे वाक्य प्रदर्शनात हमखास ऐकू येते. ते तेथे राहणाऱ्यासाठी. भारतात राहणाऱ्या निवासी व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न येथे करपात्र असते, आणि त्यात परदेशी घराचे भाडेही आले. भाड्याची ‘हमी’ दिली जाते, तेव्हा ती किती वर्षांची, कोण देणार, आणि ती रक्कम आपल्याच किमतीत चढवून तर ठेवलेली नाही ना, हे विचारावे.

आणि सुट्टीचे काय? एक कोटीवर साडेसहा टक्के व्याज धरले, तर वर्षाला साडेसहा लाख रुपये होतात. वर्षातून पंधरा दिवस आपण तेथे राहिलो आणि भाडे मिळाले नाही, तर एका दिवसाचा खर्च त्रेचाळीस हजार रुपयांच्या पुढे जातो. एवढ्या पैशात कुटुंबासह उत्तम हॉटेलात राहता येईल, आणि दरवर्षी नवा देश पाहता येईल.

चौथा शोध आपल्याच देशाच्या कायद्याचा. रिझर्व्ह बँकेची उदार प्रेषण योजना फेब्रुवारी २००४ मध्ये २५ हजार डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. २०१५ पासून ही मर्यादा प्रतिव्यक्ती, प्रति आर्थिक वर्ष अडीच लाख डॉलर आहे. घरातील व्यक्तींना आपापली मर्यादा एकत्र करता येते. परंतु ज्यांच्या मर्यादेतून पैसा गेला, ती प्रत्येक व्यक्ती त्या घराची सहमालक असली पाहिजे. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला, तेव्हा या योजनेतून परदेशी स्थावर घेण्यास काही आठवडे बंदीच होती. ज्यांचे हप्ते चालू असतील, त्यांनी अशा प्रसंगी काय करावे? म्हणून दीर्घ हप्त्यांचा करार करण्यापूर्वी बँक आणि सनदी लेखापाल दोघांचाही लेखी सल्ला घ्यावा.

रोखीने वा हवाल्याने पैसा पाठविण्याचा विचारही करू नये. परदेशातील घर आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावेच लागते, उत्पन्न शून्य असले तरी. न दाखविल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेस २०२४ मध्ये या दंडातून सूट मिळाली, पण तीतून स्थावर मालमत्ता वगळलेली आहे. आपल्या पश्चात हे घर कोणत्या कायद्याने कोणाकडे जाईल, याचाही विचार करून त्या देशात मान्य होईल असे मृत्युपत्र करावे; अन्यथा आपण सुख म्हणून घेतलेली वस्तू मुलांसाठी कोर्टकचेरी ठरते.

हा शोध घ्यावयाचा कसा? स्वतःच्या खर्चाने जाऊन यावे. विक्रेत्याने दिलेल्या तिकिटावर गेलेला मनुष्य मोकळेपणाने पाहू शकत नाही. जसे विहिरीसाठी वैशाखात जातो, तसे दुबईला जूनच्या उन्हात आणि समुद्रकिनारी भर पावसात जावे. त्याच इमारतीतील रहिवाशांना देखभालीचा खर्च विचारावा. दोन दलालांकडे ग्राहक म्हणून नव्हे, तर विक्रेता म्हणून जावे. तसलेच घर आज विकले तर काय मिळेल, हे विचारताच खरी किंमत कळते. वकील आपण निवडलेला असावा, बांधणाऱ्याने सुचविलेला नव्हे. आणि सर्व कागद हाती आल्यावर महिनाभर थांबावे. थांबल्याने जी संधी हातची जाते, ती बहुधा संधी नसतेच.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना ‘क्षेत्र’ आणि ‘वास्तू’, म्हणजे जमीन आणि घर, यांची नावे सर्वांत आधी येतात. दिग्व्रताच्या अतिचारांत ‘क्षेत्रवृद्धी’ आहे. घर घेऊच नये, असा याचा अर्थ मी लावत नाही. तो अधिकार पूज्य त्यागीगणांचा. मला एवढेच जाणवते की, घेण्यापूर्वी स्वतःला एक मर्यादा घालून घेणारा मनुष्य सहसा फसत नाही. सारा शोध घेऊन ‘नको’ असे ठरले, तर ते कष्ट वाया गेले असे मानू नये. तोच त्या शोधाचा सर्वांत मोठा नफा.

शेवटी एक निवेदन. आपल्या संस्थेसारख्या सार्वजनिक न्यासाला आपली स्थावर मालमत्ता विकावयाची झाली, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ठराव होतो, मूल्यांकन होते, हिशेबाची तपासणी होते. ही शिस्त आपण समाजाच्या पैशाला गेली पन्नास वर्षे लावीत आलो. तीच शिस्त घरच्या पैशाला लावावी. पती-पत्नी आणि सज्ञान मुले यांनी एकत्र बसावे, प्रश्न वहीत लिहावेत, प्रत्येकासमोर उत्तर आणि ते कोणाकडून मिळाले त्याचे नाव लिहावे. ज्या उत्तरासमोर विकणाऱ्याचेच नाव असेल, तो प्रश्न अद्याप अनुत्तरित समजावा.