ज्या वर्षी करंडक कुणालाच मिळाला नाही

ऑगस्ट महिन्यात पुण्यातल्या कॉलेजांमधली सगळी पोरं अभ्यास करत असतात असं कुणी म्हणालं, तर खुशाल समजावं की या माणसाने कधी पुरुषोत्तम पाहिलेला नाही. आज पुरुषोत्तम करंडकाबद्दल बोलायचंय. त्यातही २०२२ च्या निकालाबद्दल, कारण तो विषय निघाला की आमच्या कट्ट्यावर अजून आवाज चढतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिर, ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी, सप्टेंबरात अंतिम फेरी. कुणाचा प्रयोग कधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्याला सगळे ‘लॉट्स’ म्हणतात, आणि लॉट्सच्या दिवसापासूनच ‘अरे आवाज कुणाचा’ सुरू होतं. पडदा उघडेपर्यंत थिएटर डोक्यावर घेतलेलं असतं. तिसरी घंटा झाली की तेच थिएटर चिडीचूप. हा बदल एकदा तरी आत बसून अनुभवावा, सांगून कळत नाही.

पण बाहेरच्यांना दिसते ती स्पर्धा. मी कॉलेजची सगळी वर्षं बॅकस्टेजला होतो. स्टेजवर एकदाही उभा राहिलो नाही, त्यामुळे माझं मत जरा विंगेतून बघणाऱ्याचं आहे, ते तसंच धरा. माझ्या मते पुरुषोत्तम म्हणजे त्याआधीचे दोन महिने. कॉलेज सुटल्यावर एखादा वर्ग मिळवायचा, बाकं भिंतीला सरकवायची, वॉचमनकाकांना अजून अर्धा तास थांबा म्हणून मस्का लावायचा. नऊ वाजता पासआउट सीनियर ऑफिसची बॅग खांद्याला लावून थेट तालमीला यायचे. आले की आधी वडापाव, मग शिव्या.

मला ब्लॅकआउटमध्ये सेट हलवायला एका सीनियरनेच शिकवलं. टेबल उचलायचं, चार पावलं मोजायची, खाली टेपची खूण असेल, तिथे पाय लागला की ठेवायचं. आवाज झाला तर पुन्हा. एका संध्याकाळी तेच वीस-पंचवीस वेळा. त्याला ते त्याच्या सीनियरने शिकवलं होतं. आमच्या कॉलेजात हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळा कारभार तोंडी, एका बॅचकडून दुसरीकडे.

आता २०२२. सप्टेंबरात अंतिम फेरी झाली आणि परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. करंडकाच्या पात्रतेची एकांकिका नाही, असं त्यांचं म्हणणं. स्पर्धेच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. मग जे व्हायचं ते झालं. एक गट म्हणाला, पोरांनी रक्त आटवलंय, जे आले त्यातला पहिला नंबर काढा ना. दुसरा म्हणाला, बरं झालं, हल्लीच्या मुलांना वाचायला नको, नाटकं बघायला नकोत.

मला निर्णय मान्य आहे. दया म्हणून दिलेला करंडक घरी नेऊन काय करायचं? पण ते ‘हल्लीची मुलं’ मात्र मला अजिबात पटत नाही. जरा हिशोब करून बघा. मार्च २०२० ला कॉलेजं बंद पडली. २०२२ च्या त्या टीममध्ये बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा धरा. त्याने प्रवेश घेतला २०२० मध्ये, म्हणजे त्याने कॉलेजातला एकही नेहमीसारखा ऑगस्ट पाहिलेला नव्हता, आणि तो तर टीममधला सीनियर! इंजिनीअरिंगच्या चौथ्या वर्षाला असलेल्यांनी पाहिलेला एकच, २०१९ चा. तोही बहुतेक झाडू मारत नि चहा आणत, कारण पहिल्या वर्षाला दुसरं काय देतात? त्याला दिग्दर्शकाच्या मागे बसून दोन वर्षं नुसतं बघायला मिळायला हवं होतं. नेमकी तीच दोन वर्षं गेली. संहिता ऑनलाइन वाचता येते, टेबल उचलून चार पावलं ऑनलाइन चालता येत नाहीत.

दर्जा घसरला त्याचं हेच एकमेव कारण, असा माझा दावा नाही. नाटक वाईट असायला इतरही पुष्कळ कारणं लागतात आणि ती आमच्या वेळीही मुबलक होती! पण तो निकाल ऐकून ‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्या किती जणांनी २०२१ मध्ये किंवा २०२२ च्या जूनमध्ये स्वतःच्या कॉलेजात फोन करून विचारलं, तालमीला येऊ का म्हणून? आमच्या ग्रुपमधून दोघं गेले. बाकीच्यांनी निकालानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लिहिलं.

असो. तुम्हाला पहिलं काम कुणी शिकवलं, प्रॉपर्टीचं, लाइट्सचं, नुसतं चहाचं का असेना, ते आम्हाला रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात फिरोदिया करंडक. तिथे नाटकात रांगोळीपासून जादूपर्यंत सगळं शिरतं, त्यामुळे बॅकस्टेजचे हाल निराळेच. भेटू.