मनाचा उतार



मे महिन्यात गावी, तळेगाव ढमढेरेला गेलो होतो. भाचा रांजणगावच्या एका कारखान्यात मुलाखत देऊन आला होता. 'कशी झाली रे?' म्हटलं, तर त्यानं मोबाइलच पुढं केला. 'मामा, मी टेस्ट दिली. आयएनएफपी निघालो. म्हणजे अंतर्मुख आणि भावनाप्रधान. हिशेबाचं काम आपल्याला जमायचं नाही.' आणि हा पठ्ठ्या गणपतीत दारोदार फिरून वर्गणी गोळा करतो, शेवटच्या दिवशी पै-पैचा जमाखर्च फळ्यावर मांडतो!

ही अक्षरं आली कुठून? स्वित्झर्लंडचे मनोवैद्य कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरचा ग्रंथ 1921 साली आला. मनाचं काम चार तऱ्हांनी चालतं, असं त्यांनी मांडलं: संवेदन, अंतःप्रज्ञा, विचार आणि भावना. पुढं अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली बेतली. घोटाळा झाला तो असा, की शब्द युंगचे राहिले आणि अर्थ आपण रोजचे घेतले.

आमच्याकडचंच बघा. कांदा चाळीत आहे. विकायचा की थांबायचं? एक भाऊ चाळीत हात घालतो, कांद्याची मान दाबतो, वास घेतो आणि सांगतो, 'माल खराब व्हायला लागलाय.' हे संवेदन. दुसरा म्हणतो, 'थांबा, भाव चढणार.' का, ते त्याला सांगता येत नाही. बारीकसारीक खुणा मनात कुठंतरी जुळलेल्या असतात. ही अंतःप्रज्ञा. तिच्यात दैवी असं काही नाही. तिसरा वहीत हमाली, तोलाई, चाकणपर्यंतचं गाडीभाडं मांडतो. हा विचार. आणि थोरल्या वहिनी म्हणतात, 'दोन रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण माल त्याच आडत्याकडं घाला. दुष्काळात त्यानंच उचल दिली होती.' ही भावना.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजही चढला नव्हता. पैसा मोठा की शब्द मोठा, हे त्यांनी तोललं. युंगच्या लेखी भावना म्हणजे हे तोलणं. म्हणून विचाराच्या जोडीनं भावनेलाही ते विवेकाच्या बाजूला बसवतात. विचारी तो हुशार आणि भावनाप्रधान तो रडवा, ही आपली वाटणी त्यांची नाही.

दुसरा गैरसमज अंतर्मुखाचा. अंतर्मुख म्हणजे लाजरा, असं आपण धरून चालतो. युंग पाहतात ते मनाचा ओढा बाहेरच्या जगाकडं आहे की आतल्या, एवढंच. सभा गाजवणारा वक्ताही अंतर्मुख असू शकतो. शिवाय हा ओढा चारही तऱ्हांना लागू. एकाचा विचार बाजारातले आकडे धरून चालतो, दुसऱ्याचा स्वतःच्या आडाख्यांवर. अशा चाराच्या आठ तऱ्हा होतात.

तिसरा गैरसमज महागात पडतो: चार अक्षरं म्हणजे जन्मपत्रिका! प्रश्नावली कसब मोजत नाही. आपणच आपल्याविषयी दिलेली उत्तरं ती मोजते, आणि अगदी मधोमध उभ्या असलेल्यालाही अलीकडं किंवा पलीकडं ढकलते. म्हणून तीच परीक्षा काही आठवड्यांनी पुन्हा दिली, तर पुष्कळांचं एखादं अक्षर बदलतं. माणसांवर अशा चिठ्ठ्या डकवणं हा पोरखेळ आहे, असं खुद्द युंगनी 1934 मध्ये बजावलं होतं.

आपल्या राज्यात 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची 'कल चाचणी' झाली. कल म्हणजे आवड. कुवत नव्हे, हे तिच्या नावातच होतं. 'कल' हा शब्द मला फार आवडतो. जमिनीचा असतो तसा मनाचाही उतार असतो. पाणी पहिल्यांदा कुठं धावेल, एवढं तो सांगतो.

त्या संध्याकाळी चासकमानच्या कालव्याचं आवर्तन आलेलं होतं. भाचा रानात दारं धरत होता. पाणी उताराच्या सरीकडं सुटलं होतं. त्यानं दोन खोरी माती ओढून तिथलं दारं बंद केलं, शेजारचं फोडलं. पाणी क्षणभर थबकलं आणि आडव्या वाफ्यात शिरलं.

मी बांधावरून विचारलं, 'काय रे, हे कुठल्या अक्षरात बसतं?'

तो हसला आणि पुढचं दारं मोडायला निघाला.