जाळं कुठे संपतं, घर कुठे सुरू होतं



या सभागृहातल्या बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत. रविवारी सकाळी त्यांचा चेहरा आपल्याला मोबाइलवर दिसतो, तो अनेकदा तिथल्या एका छोट्या डब्यातून निघालेला असतो. केबल मोडेम हा तो डबा. टीव्हीसाठी टाकलेल्या जाड तांब्याच्या केबलवरूनच तिथल्या कोट्यवधी घरांत इंटरनेट येतं. अनेक कंपन्या हा डबा भाड्याने देतात आणि महिन्याला साधारण दहा ते पंधरा डॉलर लावतात. पाच वर्षांचा हिशेब केला तर सहाशे ते नऊशे डॉलर होतात. चांगला मोडेम आणि सोबत वेगळा वायफाय राउटर दुकानातून आणला, तरी खर्च याच्या बराच खाली राहतो. नव्याने तिकडे गेलेल्या विद्यार्थ्याला ही रक्कम लहान नाही.

पण मी इथे उभा आहे तो काटकसर सांगायला नव्हे. माझा प्रश्न असा आहे की, कंपनीचं जाळं नेमकं कुठे संपतं आणि माझं घर कुठे सुरू होतं? ही रेषा कोणी आखायची?

अमेरिकेत हा झगडा टेलिफोनपासून चालू आहे. एके काळी तिथे घरातला फोनसुद्धा कंपनीच्या मालकीचा असे. तुम्ही भाडं भरायचं आणि त्याला परकं काही जोडायचं नाही. हश-अ-फोन नावाचं एक साधं उपकरण निघालं. बोलण्याच्या तोंडाशी बसवायची एक वाटी, म्हणजे शेजारच्याला आपलं बोलणं ऐकू जाऊ नये. तिच्यात वीज नाही, तार नाही, तरी टेलिफोन कंपनी असलेल्या एटी अँड टीने हरकत घेतली आणि सरकारी आयोगाने कंपनीचीच बाजू उचलली. शेवटी १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मग टेक्ससमधल्या टॉम कार्टरने कार्टरफोन बनवला. लांबच्या तेलक्षेत्रावर रेडिओवरून बोलणाऱ्या माणसाला टेलिफोनवरच्या माणसाशी जोडून देणारं यंत्र. १९६८ मध्ये आयोगाने निकाल दिला की, जाळ्याला इजा होत नसेल तर ग्राहकाला स्वतःचं उपकरण जोडता आलं पाहिजे. आन्सरिंग मशीन, घरातला फॅक्स, टेलिफोनवर चालणारा जुना मोडेम यांना वाट मिळाली ती या निकालामुळे. इंटरनेट घराघरांत शिरलं, त्यात टेक्ससच्या या माणसाचा वाटा आहे, आणि तो आपण विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

केबलच्या बाबतीत हक्क नुसता कागदावर असून भागलं नसतं. सुरुवातीला एका कंपनीचा मोडेम दुसरीच्या जाळ्यावर चालत नसे, मग दुकानात विकणार काय? १९९७ मध्ये केबललॅब्स या संस्थेने डॉक्सिस नावाचं समान मानक आणलं आणि मोडेम दुकानात विकत मिळण्याची सोय झाली. आज ३.१ आवृत्तीचा मोडेम घ्यावा. घेण्याआधी कंपनीची मान्य उपकरणांची यादी पाहावी. केबलवरच घरचा फोनही चालत असेल, तर फोनची जोडणी असलेला मोडेम लागतो. आणखी एक, काही कंपन्या मोडेमचं वेगळं भाडं लावतच नाहीत. तिथे स्वतःचा घेऊन पैसे वाचत नाहीत.

जोडणी अवघड नाही, पण आत काय घडतं ते समजून घ्यावं. भिंतीतून आलेली केबल मोडेमला पिळून घट्ट बसवायची. मोडेम आधी केबलवर येणाऱ्या वाहिन्या धुंडाळतो. एक सापडली की कंपनीच्या यंत्राला हाक मारतो आणि आपला आवाज किती मोठा ठेवायचा हे तिच्याकडून ठरवून घेतो. मग त्याला पत्ता मिळतो, पाठोपाठ एक छोटी फाइल येते. तुमच्या योजनेचा वेग त्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. मात्र कंपनीला हा डबा कुणाचा हे कळायला हवं, म्हणून मोडेमच्या पाठीवरचा मॅक क्रमांक ॲपवर किंवा फोनवरून खात्यात नोंदवावा लागतो. नोंद होईपर्यंत सगळे दिवे लागलेले असले तरी इंटरनेट चालत नाही. इथेच पुष्कळ जण घाबरून डबा परत करतात. मोडेम आपल्या पहिल्या जोडीदाराला धरून बसतो हेही लक्षात ठेवा. राउटर बदललात तर मोडेम बंद करून पुन्हा चालू करा.

वेग मिळाला नाही तर १९२.१६८.१००.१ हा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक मोडेम तिथे आपली प्रकृती सांगतात. येणाऱ्या सिग्नलची पातळी साधारण उणे ७ ते अधिक ७ च्या दरम्यान असावी. त्याबाहेर असेल तर आधी जुने स्प्लिटर काढा, केबलची टोकं पाहा. हे आकडे हाती असलेल्या ग्राहकाला "तुमच्याच मोडेमचा दोष आहे" असं सांगून वाटेला लावता येत नाही.

आता मर्यादा. मोडेम तुम्ही विकत घेतलात, तरी त्यातलं सॉफ्टवेअर कंपनीच जाळ्यावरून बदलते. तुमचं खरं राज्य सुरू होतं ते राउटरपासून. म्हणून मोडेम आणि राउटर वेगवेगळे ठेवावेत असं माझं मत आहे.

कायदा हळूहळू ग्राहकाच्या बाजूला सरकतो आहे. अमेरिकेत स्वतःचं उपकरण वापरणाऱ्याकडूनही भाडं उकळलं जात होतं. २०१९ च्या कायद्याने ते बंद केलं, आणि डिसेंबर २०२० पासून ती बंदी लागू आहे. जर्मनी त्याही पुढे गेला. १ ऑगस्ट २०१६ पासून तिथे जाळं भिंतीवरच्या सॉकेटपाशी संपतं असं कायदाच म्हणतो. सॉकेटपुढे कोणतं यंत्र लावायचं हे घरातल्यांनी ठरवायचं. रेषा आखावी तर अशी.

आपल्याकडे आता घरोघर फायबर येतं आहे. तो डबा बहुधा कंपनीचाच असतो आणि तिच्याच यंत्रणेत नोंदलेला असतो. तरीही त्याला ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून, मागे आपला राउटर लावून द्या, अशी मागणी आपण करू शकतो. ती लेखी करा. परदेशातल्या मुलांना या महिन्याच्या बिलात उपकरणभाड्याची ओळ शोधायला सांगा, आणि कंपनीचा डबा परत केला की त्याची पावती जपून ठेवायला सांगा.