देवळावर कळस चढला, आता शाळेचे छप्पर
(जीर्णोद्धार समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामदैवताच्या कृपेने आणि सर्वांच्या हातभाराने देवळाचा जीर्णोद्धार पार पडला. कोणी रोख रक्कम दिली, कोणी चिरा दिला, कोणी वाळू आणली, तर ज्याच्याजवळ यातले काहीच नव्हते त्याने चार दिवस अंगमेहनत दिली. एवढे मोठे काम गावाने स्वतःच्या बळावर केले, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. अशा दिवशी देवळाच्या सभामंडपात उभे राहून शाळेविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु कोकणात देऊळ आणि शाळा यांचे नाते जुने आहे. सरकारी शाळा येण्यापूर्वी पंतोजींची शाळा पुष्कळ ठिकाणी देवळाच्या ओवरीतच भरत असे. तेव्हा देवळाच्या समारंभात शाळेची आठवण काढणे म्हणजे घरच्या कार्यात घरच्याच माणसाची विचारपूस करण्यासारखे आहे.

या नात्याचे उदाहरण शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे मुरूड हे गाव सर्वांना माहीत आहे. भारतरत्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी शेरवली येथे झाला, पण बालपण व सुरुवातीचे शिक्षण मुरूडास झाले. घरची स्थिती बेताची होती. गावातील शाळेचे सोमण गुरुजी हे केवळ धडे घेऊन घरी जाणारे शिक्षक नव्हते, गावाचे भले कशात आहे याची त्यांना कळकळ होती. मुरूडच्या दुर्गादेवीच्या देवळात संध्याकाळी लोक जमत. तेथे वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम गुरुजींनी या मुलाकडे दिले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही जगात काय चालले आहे ते त्यामुळे कळू लागले. देवीच्या देवळातच एका मुलाला सार्वजनिक कामाचा पहिला धडा मिळाला.

याच गुरुजींच्या प्रेरणेने गावात भागभांडवलाचे दुकानही काढण्यात आले होते. ते पुढे तोट्यात गेले. चांगला हेतू असला तरी हिशेब आणि व्यवहार नीट नसतील तर सार्वजनिक काम टिकत नाही, हे कर्व्यांना लहान वयातच समजले. पुढे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशाचा पै न् पै हिशेब ठेवला आणि त्यामुळेच लोकांनी त्यांच्या झोळीत विश्वासाने पैसा टाकला.

त्या काळी सहावी इयत्तेची परीक्षा देण्यासाठी मुरूडहून साताऱ्यास जावे लागले. मोटार नव्हती, रेल्वे नव्हती. सोबती घेऊन, सह्याद्री चढून, शंभर मैलांहून अधिक वाट तुडवीत हा मुलगा साताऱ्यास पोहोचला. अंगाने किरकोळ असल्यामुळे तो वयाने लहान दिसतो, असे म्हणून तेथे त्याला परीक्षेस बसू दिले नाही. आल्या वाटेने परत यावे लागले. तरी त्याने शिकणे सोडले नाही. १८८१ साली मॅट्रिक आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. अशी मजल त्याने मारली. त्या पायपिटीचे कौतुक सर्वच करतात. परंतु शाळा आणि परीक्षा जवळ नसल्यामुळे किती मुले त्या घाटाच्या पायथ्यापासूनच परत फिरली असतील, त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. एक कर्वे पोहोचले म्हणून दूरची शाळा चालते, असा अर्थ कोणी काढू नये.

मुंबईस असताना कर्वे आजच्या भाषेत चाकरमानीच होते. गावाबाहेर नोकरी-धंद्यास असलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतून थोडा थोडा भाग गावासाठी बाजूला काढावा, या विचाराने त्यांनी १८८६ साली मुरूड फंड सुरू केला. आज मुंबईत गावोगावची मंडळे आहेत, ती देवळाला, उत्सवाला, पाण्याच्या योजनेला पैसे पाठवितात. त्या रिवाजाचे मूळ किती जुने आहे हे यावरून दिसते.

पण गोष्ट येथे संपत नाही. १८९३ साली कर्व्यांनी देवरुखच्या विधवा गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. ज्या गावासाठी त्यांनी फंड उभारला त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्या माणसांना त्याचा किती त्रास झाला असेल याची कल्पना गावात राहणाऱ्यास सहज येईल. कर्व्यांनी गावाला शिव्याशाप दिले नाहीत, आणि घेतलेले कामही टाकले नाही. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापन केली, १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. वयाची ७८ वर्षे झाल्यावर, १९३६ साली, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तेथे शाळा काढावी, हा त्याचा उद्देश. त्यासाठी हा वृद्ध माणूस दारोदार फिरून लहान लहान देणग्या जमवीत असे. विद्यापीठ काढणाऱ्या माणसाला शेवटी खेड्यातील पहिलीचा वर्गच महत्त्वाचा वाटला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण रत्नागिरी शहरातले. दानशूर भागोजीशेठ कीर यांनी स्वतःच्या पैशाने पतितपावन मंदिर बांधले व ते १९३१ साली सर्व हिंदूंना खुले झाले. त्यामागे स्वातंत्र्यवीर सावरकरांची चळवळ होती. शाळांमध्ये अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना इतरांबरोबर एकत्र बसविण्यासाठीही सावरकरांनी रत्नागिरीत खटपट केली. देवळात सर्वांना जागा आणि शाळेच्या बाकावर सर्वांना जागा, ही दोन्ही कामे या जिल्ह्यात हातात हात घालून चालली.

आता आजच्या शाळेकडे वळावे. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण लोकल बोर्डांकडे आले, १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या व शाळा त्यांच्याकडे गेल्या. मालक बदलले तरी गावाची शाळा ती गावाचीच राहिली. सरकारी दप्तरात अशा शाळेविषयी मुख्यतः तीन गोष्टी विचारल्या जातात : जागा कोणाची, पट किती आणि इमारत कशी.

पहिली गोष्ट जागेची. जुन्या काळी गावातील एखाद्या भल्या गृहस्थाने "बांधा शाळा" म्हणून तोंडी जागा दिली. शब्द पाळला गेला, शाळा उभी राहिली, पण सातबारा त्या घराण्याच्याच नावावर राहिला. पुढे पिढ्या वाढल्या, वारसांची नावे लागली, सातबारा सामाईक झाला. एक भाऊ गावी, एक बोरिवलीस, एक बडोद्यास. नवीन खोली मंजूर करण्याची वेळ येते तेव्हा जागेचा कागद मागितला जातो आणि प्रकरण अडते. स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र नोंदणी केल्याशिवाय व दोन साक्षीदारांशिवाय कायद्याने पुरे होत नाही. नोंदणीनंतर फेरफार होऊन सातबारावर नाव लागले पाहिजे. वाडवडिलांनी दिलेला शब्द कागदावर आणणे हे नातवंडांचे काम आहे. गणपतीला किंवा शिमग्याला सर्व भाऊबंद गावी एकत्र येतात. त्याच आठवड्यात सह्यांचे काम उरकले, तर वर्षानुवर्षे पडून असलेले प्रकरण पुढे सरकू शकते. ही सहीदेखील देणगीच आहे.

दुसरी गोष्ट पटाची. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. परंतु वाड्यांतील माणसे शहरात गेली, मुले कमी झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याविषयी प्रस्ताव मागविले. अशा शाळांची संख्या राज्यात चौदा हजारांवर असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. समूह शाळेत जास्त शिक्षक, जास्त सोयी मिळतील, हा त्यामागचा विचार अगदीच चुकीचा आहे असे नाही. चार मुलांच्या वर्गात खेळायला गडी मिळत नाही, हेही खरे. पण नकाशावरचे तीन किलोमीटर आणि आषाढातले तीन किलोमीटर यांत फरक आहे. मध्ये वहाळ असतो, साकव वाहून गेलेला असतो, आणि सहा वर्षांच्या मुलीचे आईवडील तिला त्या वाटेने एकटी पाठवीत नाहीत. मुलगा कसाही जाईल, मुलगी मात्र घरी राहील, ही भीती आहे. म्हणून पट टिकविणे हे शिक्षकांचे एकट्याचे काम नव्हे. ज्यांना ऐपत आहे त्यांनी आपली मुले दूरच्या शाळेत गाडीने धाडावीत आणि गावच्या शाळेसाठी फक्त हळहळ व्यक्त करावी, असे चालले तर शाळा टिकणार नाही.

तिसरी गोष्ट इमारतीची. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चिऱ्याची भिंत दम धरते, पण वासे आणि रिपा कुजतात. दरवर्षी मृगापूर्वी कौले चाळून शाकारणी केली नाही तर दोन पावसांत वर्ग गळू लागतो. त्यावर पत्रे टाकले तर पावसाच्या आवाजात बाईंचे शब्द मागच्या मुलास ऐकू येत नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली व मंडणगड तालुक्यांत घरांबरोबर शाळांचीही छपरे उडाली. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे तीसपर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाचे संयुक्त अनुदान १०,००० रुपये आणि एकतीस ते शंभर पटास २५,००० रुपये असे धरलेले आहे. त्यातच खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता भागवायची. देवळाचे लाकूडकाम ज्यांनी करून घेतले त्यांना दहा हजारांत किती छप्पर होते हे सांगण्याची गरज नाही.

मग गावाने काय करावे? पहिले म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती जिवंत करावी. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीला आहे. सहीपुरती वही घरोघर फिरविणे म्हणजे सभा नव्हे. मुलांच्या आयांनी सभेत बसावे, प्रश्न विचारावेत. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे की नाही, हे त्यांना विचारावे लागत नाही, ठाऊकच असते.

दुसरे म्हणजे पैसा. देवस्थानाचा पैसा देवस्थानाच्या घटनेत लिहिलेल्या उद्देशांसाठीच खर्च करावा लागतो, तो परस्पर शाळेकडे वळविता येत नाही, आणि तसे करूही नये. म्हणून शाळेचा फंड वेगळा, त्याचे खाते वेगळे, पावती वेगळी आणि हिशेबही वेगळा असावा. मात्र जमविण्याची रीत देवळाचीच असावी : दर घरामागे ठरलेली वर्गणी, आणि वर्षातून एकदा याच सभामंडपात जमाखर्चाचे जाहीर वाचन. मुंबईच्या मंडळांनी दरवर्षी वह्या-दप्तरे वाटावीत, त्यात वाईट काही नाही. पण चार मंडळांनी मिळून छप्पर, पिण्याचे पाणी, वाटेवरचा साकव आणि बाहेरून आलेल्या शिक्षकांना राहण्याची खोली एवढे केले, तर ते पंचवीस वर्षे टिकेल. गावात राहणारा शिक्षक मिळाला तर संध्याकाळची शाळाही मिळते.

तिसरे म्हणजे ही जागा. नवा सभामंडप प्रशस्त आहे, दिवे आहेत, फरशी स्वच्छ आहे. उत्सवाचे दिवस सोडले तर संध्याकाळी तो रिकामा असतो. दिवेलागणीनंतर दोन तास मुलांनी येथे अभ्यासाला बसावे, एका कपाटात पुस्तके असावीत, आणि मोठ्या वर्गातील एखाद्या मुलीने म्हाताऱ्या माणसांना वर्तमानपत्र वाचून दाखवावे. मुरूडला हेच झाले होते. त्याला अनुदान लागत नाही, मंजुरी लागत नाही, फक्त किल्ली वेळेवर उघडणारा माणूस लागतो.

शेवटी एक गोष्ट. पालखी कोणाच्या दारी आधी, मान कोणाचा, यावरून कोकणातील किती गावे दुभंगली हे सर्व जाणतात. दोन तट पडले की शाळेच्या समितीतही दोन तट पडतात, आणि त्यात मुलांचे वर्ष फुकट जाते. मुरूडकरांनी बहिष्कार घातला तरी कर्व्यांनी आपले काम सोडले नाही. जीर्णोद्धारासाठी गावाने आपले तंटे बाजूला ठेवले, तसेच ते शाळेसाठीही ठेवता येतील.

देवळाच्या संगमरवरी फळ्यावर देणगीदारांची नावे कोरली गेली, ते योग्यच झाले. शाळेच्या फळ्यावर नावे खडूने लिहिली जातात आणि दुसऱ्या दिवशी पुसली जातात. पण त्या फळ्यावर रोज हजेरीचा आकडा लिहिला जात राहावा, तो आकडा शून्यावर येऊ नये, एवढीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.

जय महाराष्ट्र.