जुना संगणक आणि त्यापुढे बसणारा माणूस
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



विंडोज १० ला नियमित मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ च्या अटींत जुने संगणक बहुधा बसत नाहीत. मग घरातली तरुण मंडळी म्हणतात, भंगारात कशाला देता, लिनक्स घाला! सल्ला चांगला आहे. पण ते कसे घालायचे हे मंडळी यंत्र पाहून ठरवतात, त्यापुढे बसणारा माणूस पाहून नाही.

ज्यांना नुसते पाहायचे आहे त्यांना पेनड्राइव्ह पुरे. लिनक्स मिंट ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावते, संगणक त्यावरूनच सुरू होतो आणि डिस्कवरचे विंडोज जागच्या जागी राहते. प्रिंटर चालतो का, मराठी कळफलक जमतो का, हे आधीच कळते. काम जरा सावकाश चालते, इतकेच.

दुकानाचा हिशेब टॅलीवर ठेवणाऱ्या काकांची गोष्ट निराळी. टॅली विंडोजवर चालते, म्हणून तिथे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवावीत. हिशेबापुरते विंडोज, तेही शक्यतो इंटरनेट बंद ठेवून. बाकी सारे लिनक्सवर. यासाठी डिस्कचे वाटे पाडावे लागतात. बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.

आणि आजी? त्यांना कीर्तन ऐकायचे असते, नातीचा चेहरा पाहायचा असतो. संगणक सुरू करताना ‘दोघांपैकी कोणते हवे’ हा प्रश्न त्यांना रोज कशाला? तिथे संपूर्ण डिस्कवर लिनक्सच घालावे. मात्र त्यात आधीचे सगळे पुसले जाते. लग्नामुंजींचे फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. नुसते ‘घेतली आहे’ यावर विसंबू नका.

आपल्या मंडळाच्या कार्यालयातल्या संगणकाला मात्र कोणी घाईने हात लावू नये. त्यातला जुना मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याची निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. आधी तो फॉन्ट जपून ठेवू, मजकूर युनिकोडमध्ये आणू, जाणत्यांकडून तपासून घेऊ. लिनक्सचे मग पाहू.