कुणाच्या जिवावर इथे आलो?



कॅलिफोर्नियातला मराठी माणूस केवळ स्वतःच्या हुशारीवर इथे उभा राहिला, असं आज सकाळपासून ऐकतो आहे. अध्यक्षानं त्यावर मान डोलवावी, आभार मानावेत आणि खाली बसावं, असा रिवाज आहे. तो मी पाळणार नाही. कारण हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्यावर टाळ्या घेण्यासाठी साहित्य संमेलन भरवायची गरज नसते.

आपल्या प्रवासवर्णनांत गोल्डन गेट येतो, योसेमिटी येतं, स्टॅनफर्डच्या आवारातला मुलाचा फोटो तर हटकून येतो. ज्या लेलँड स्टॅनफर्डनं ते विद्यापीठ काढलं, तो १८६२ साली कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला, तेव्हा पहिल्याच भाषणात त्यानं आशियाई लोकांना हीन ठरवलं आणि त्यांच्या येण्याला आळा घाला म्हणून सांगितलं. पुढे तीनच वर्षांत त्याच्या सेंट्रल पॅसिफिक रेल्वेला गोरे मजूर टिकेनात. मग चीनच्या ग्वांगडोंगमधले हेच ‘हीन’ लोक हजारोंनी भरती झाले. तत्त्व गेलं खड्ड्यात, रूळ पुढे गेले पाहिजेत!

सिएरा नेवाडात डोनर खिंडीपाशी त्यांनी खोदलेला सहा नंबरचा बोगदा आहे. लांबी १,६५९ फूट, सगळा ग्रॅनाइट. एकानं पहार धरून घावागणिक फिरवायची, दोघांनी आळीपाळीनं घण घालायचे, मग भोकात दारू ठासायची. एवढं करून एका तोंडाशी दिवसाकाठी खडक हटायचा जेमतेम फूटभर. १८६६-६७च्या हिवाळ्यात माणसं बर्फाखाली भुयारं करून राहिली. हिमकडे कोसळून गाडल्या गेलेल्या काहींची प्रेतं बर्फ वितळल्यावरच हाती लागली.

गोऱ्याला पगाराशिवाय जेवण मिळे, चिन्याला खाणं पदरचं. जून १८६७मध्ये हजारोंनी काम थांबवलं. महिना ४० डॉलर द्या, कामाचे तास कमी करा, इतकंच मागणं. ना दंगा, ना दगडफेक. कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरनं डोंगरात जाणारं धान्य तोडलं. आठवड्याभरात संप मोडला.

१० मे १८६९ला प्रॉमंटरी इथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणाऱ्या दोन्ही रेल्वे मिळाल्या. त्या जगप्रसिद्ध छायाचित्रात चिनी चेहरा शोधावा लागतो. त्याआधी २८ एप्रिलला एका दिवसात दहा मैल रूळ टाकले गेले. त्यातल्या आठ आयरिश मजुरांची नावं इतिहासात आहेत. बरोबर राबणाऱ्या चिन्यांपैकी एकाचंही नाव कुणी त्यांच्या शेजारी लिहिलं नाही. १८८२ साली कायदाच झाला: चिनी मजूर नको. १८८५ साली वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्जमध्ये गोऱ्या जमावानं २८ चिनी खाणकामगार मारले. शिक्षा कुणालाही झाली नाही.

“हे चिन्यांचं दुःख, आपला काय संबंध?” हा प्रश्न मला इथल्याच दिवाणखान्यांत विचारला गेला आहे. घ्या उत्तर. चिन्यांसाठी घातलेलं कुंपण १९१७च्या कायद्यानं हिंदुस्थानपर्यंत वाढवलं. तुमच्या-माझ्यासाठी ते खऱ्या अर्थानं हटलं १९६५ साली. आणि इथे जन्मलेल्या तुमच्या मुलांचं नागरिकत्व? ते ज्या निकालावर उभं आहे, तो १८९८चा, वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी स्वयंपाक्याचा. चीनहून परतताना त्याला बंदरात अडवलं. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि जिंकला. त्याच्या लढ्याची फळं आपली मुलं खातात, आणि आपल्या एकाही स्मरणिकेत मला त्याचं नाव आढळलेलं नाही.

त्या हजारो मजुरांपैकी एकाचंही पत्र वा रोजनिशी आजवर सापडलेली नाही. म्हणून तर लेखकांची जबाबदारी वाढते. योसेमिटीला जाता तसे डोनर खिंडीतही जा, आणि पुढच्या स्मरणिकेत त्यावर लिहा. आणि आपल्यातल्या ज्यांना आता वाटू लागलं आहे, की आपण आत आलो, मागचं दार लावून घ्या, त्यांनी आधी वाँग किम आर्कचा निकाल वाचावा. दार लावण्याचा अधिकार ते उघडून देणाऱ्यांच्या ऋणकऱ्यांना नसतो.