शंभर मण्यांची माळ : पंडित नैनसिंह रावत

(पोखर्णी येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



श्रीनृसिंहाच्या या क्षेत्री पायी येणाऱ्या भाविकाच्या हातात जपमाळ असते, ती एकशे आठ मण्यांची. १८६५ साली नेपाळमार्गे तिबेटात शिरलेल्या एका यात्रेकरूच्या हातातही माळ होती; मात्र तिचे मणी शंभरच होते. आठ मणी कमी आहेत हे कोणाच्या ध्यानात आले असते, तर त्या यात्रेकरूचे मस्तक धडावर राहिले नसते. शंभर पावले पडली की तो एक मणी ओढी. माळ पूर्ण झाली म्हणजे दहा हजार पावले, अर्थात पाच मैल. या हिशेबाने त्याने मध्य आशियाच्या नकाशावरील केवढा तरी कोरा भाग भरून काढला. त्या पुरुषाचे नाव पंडित नैनसिंह रावत.

१८५७च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थान पायाखाली घालणाऱ्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ मराठी घरांना परिचित आहे. त्यांच्याच पिढीतील, त्यांच्याहून अधिक दुर्गम प्रदेश तुडवून त्याचा वृत्तान्त हिंदीत लिहून ठेवणारे नैनसिंह मात्र आपल्याला जवळपास अपरिचित राहिले.

नैनसिंहांचा जन्म १८३० साली कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातील मिलम या गावी झाला. हा प्रदेश आजच्या पिथौरागड जिल्ह्यात येतो. येथील शौका समाजाचा चरितार्थ तिबेटशी चालणाऱ्या व्यापारावर होता. धान्य, गूळ, कापड घेऊन घाट ओलांडायचे आणि मीठ, लोकर, टाकणखार घेऊन परतायचे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. तिबेटी भाषा, तेथील रीतिरिवाज आणि डोंगरवाटा या लोकांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. तरुणपणी श्लागिंटवाइट या जर्मन बंधूंच्या शोधपथकात नैनसिंहांनी काम केले. पुढे ते गावाकडे शाळामास्तर झाले. ‘पंडित’ ही उपाधी त्यांना चिकटली ती या मास्तरकीमुळे.

त्या काळी भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. १८०२ साली मद्रासेत सुरू झालेले हे काम महाराष्ट्रातूनही गेले. मोजणीचा प्रवर्तक लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटलाच मरण पावला. परंतु हिमालयापाशी येऊन ही मोजणी थबकली. तिबेटची दारे युरोपियनांना बंद होती. श्लागिंटवाइट बंधूंपैकी अ‍ॅडॉल्फचा १८५७ मध्ये काश्गरला शिरच्छेद झाला होता. गोरा माणूस जेथे पाऊल टाकू शकत नाही, तेथे सीमेवरचा हिंदी माणूस जाईल, ही कॅप्टन माँटगोमरी याची योजना. त्यासाठी नैनसिंह आणि त्यांचे चुलतबंधू मणिसिंह यांना डेहराडूनला आणण्यात आले.

तेथील शिक्षण पाहण्यासारखे आहे. चढ असो, उतार असो वा सपाटी, पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे. मैलाला दोन हजार पावले! घरून शेतापर्यंत एकदा पावले मोजून पाहावीत, म्हणजे हे किती अवघड आहे ते कळेल. आणि येथे तर विरळ हवेत, बर्फात, चेहऱ्यावर यात्रेकरूची भक्ती ठेवून महिनोन्‌महिने मोजायचे होते. तिबेटी प्रार्थनाचक्रात मंत्राच्या गुंडाळीऐवजी कोरे कागद असत. मोजमापाच्या नोंदी त्यावर होत. कोन मोजण्याचे सेक्स्टंट पेटीच्या चोरकप्प्यात, तापमापक पोकळ काठीत. पारा कवड्यांत भरलेला. रात्री तो पसरट वाडग्यात ओतला की स्थिर, सपाट आरसा तयार होई आणि त्यातील प्रतिबिंबावरून ताऱ्याचा कोन घेता येई. पाणी किती तापमानाला उकळते यावरून उंची काढायची. साधारण तीनशे मीटर वर चढले की उत्कलनबिंदू एक अंश सेल्सियसने उतरतो. चहासाठी आधण ठेवणाऱ्या यात्रेकरूवर संशय कोण घेणार?

१८६५ मध्ये दोघे निघाले. मणिसिंह माघारी वळले. नैनसिंह वेश बदलून, व्यापाऱ्यांच्या तांड्यांच्या आश्रयाने पुढे गेले. जवळचा पैसा संपला तेव्हा नेपाळी दुकानदारांना हिंदी पद्धतीचा जमाखर्च शिकवून त्यांनी पोट भरले. मास्तरकी अशी कामी आली! जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. तेथे काही महिने राहून त्यांनी त्या नगरीचे अक्षांश आणि उंची निश्चित केली. त्यांचे सोंग ओळखणारे काश्मिरी व्यापारी तेथे भेटले. एक शब्द पुरेसा होता, पण त्या व्यापाऱ्यांनी वाच्यता केली नाही. परतताना त्सांगपो नदीच्या काठाने मानसरोवरापर्यंत मोजणी करीत ते आले. हीच त्सांगपो आसामात उतरून ब्रह्मपुत्र होते.

१८६७ मध्ये त्यांनी ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणी गाठल्या. १८७३ मध्ये ते यारकंदच्या मोहिमेत होते. शेवटचा प्रवास १८७४चा : लेहहून ल्हासा, आणि तेथून तवांगमार्गे आसामातील उदालगुडी. तवांगला त्यांना अडकवून ठेवण्यात आले. सुटका होऊन ते १८७५च्या मार्चमध्ये उदालगुडीस उतरले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. एका व्यक्तीने आशियाच्या नकाशात घातलेली एवढी भर त्या काळात दुसऱ्या कोणाची नाही, असा हेन्‍री यूल या भूगोलतज्ज्ञाचा अभिप्राय होता.

इंग्रजांच्या या नोकराचे एवढे कौतुक कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. तो अयोग्य नाही. ही माहिती परकीय सत्तेच्या सोयीसाठी गोळा झाली आणि अहवाल छापले गेले ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या नावाने; त्यात नैनसिंह बराच काळ केवळ ‘पंडित’ होते. सुरक्षिततेसाठी नाव लपवणे आवश्यक होते, हे खरे. परंतु अहवालाच्या बाहेरचे नैनसिंह त्यांच्या हिंदी लिखाणात भेटतात. १८७१ मध्ये त्यांनी ‘अक्षांश दर्पण’ हा ग्रंथ सिद्ध केला, तो मोजणीची विद्या आपल्या भाषेत यावी म्हणून. चाकरी करणाऱ्याला एवढे पुरे होते की हुकूम पाळावा. विद्या स्वभाषेत आणण्याचा हुकूम त्यांना कोणी दिला नव्हता. किशनसिंहांसारखे पुढचे शोधयात्री त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

स्वतंत्र भारताने त्यांची आठवण ठेवायला बराच वेळ घेतला. टपाल तिकीट निघाले २००४ मध्ये. त्यांच्या दैनंदिन्या उमा भट्ट आणि शेखर पाठक यांनी ‘एशिया की पीठ पर’ या ग्रंथाद्वारे २००६ मध्ये वाचकांपुढे आणल्या. तवांगचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले ते १९६२ मध्ये, शत्रू तेथे शिरला तेव्हा. नैनसिंहांनी तो मार्ग पावलांनी मोजला, त्याला तेव्हा सत्त्याऐंशी वर्षे उलटून गेली होती. त्या युद्धाने तिबेटचा व्यापार थांबला आणि कुमाऊंतील मोठ्या गावांपैकी एक असलेले मिलम ओस पडले. तेथील दगडी घरे आता छपराविना उभी आहेत. उन्हाळ्यात काही मोजकी कुटुंबे वर चढतात, बटाटे व फाफर पेरतात आणि हिमवर्षावापूर्वी खाली उतरतात.